मेंदूतला स्टेंट पुन्हा अरुंद का होतो?

अलिबागजवळ राहणाऱ्या माझ्या मामांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. घरी आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "पाइप साफ झाला ना? मग आता गोळ्या कशाला?" तुमच्याही घरात असं कोणी असेल तर हे वाचाच.

स्टेंट म्हणजे धातूच्या जाळीची बारीक नळी. ती वाहिनी आतून उघडी धरते, पण मूळ आजार काढून टाकत नाही. जाळी दाबून बसवताना आतल्या अस्तराला इजा होते आणि ती भरून काढायला शरीर नव्या पेशी वाढवतं. थोडी वाढ हवीच, कारण उघड्या धातूवर गुठळी होऊ शकते. वाढ हाताबाहेर गेली की स्टेंटच्या आतच अडथळा तयार होतो. वाहिनी निम्म्याहून जास्त बुजली की डॉक्टर त्याला रिस्टेनोसिस म्हणतात.

मेंदूत हे जास्त का नडतं? मानेतली मोठी धमनी 6 मिमीची धरा. चारही बाजूंनी अर्ध्या मिमीचा थर चढला तरी 5 मिमी वाट उरते. मेंदूतली धमनी 2.5 मिमीची असेल, तर तेवढ्याच थराने 1.5 मिमी उरते.

म्हणूनच वाहिनी मुळात बारीक असणं, अरुंद भाग लांब असणं किंवा स्टेंट टाकल्यावरही थोडा अडथळा उरणं, हे धोके त्याच दिवशी ठरून जातात. स्टेंटचा प्रकारही महत्त्वाचा. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या 'नोव्हा' चाचणीत वर्षभरात साध्या स्टेंटपैकी 30.2 टक्के पुन्हा अरुंद झाले, औषध लावलेल्यांपैकी 9.5 टक्के. काही अभ्यासांत तरुण रुग्णांमध्येही हे प्रमाण जास्त दिसलं, म्हणजे 'वय कमी, काळजी कमी' हा हिशोब इथे चालत नाही.

आपल्या हातातले धोके म्हणजे बेताबाहेरची साखर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू. आमच्याकडे विडी सोडलेली माणसं मशेरी लावतात आणि तिला तंबाखू समजतच नाहीत. निकोटिन त्यातही असतंच.

गोळ्या बंद करण्याची भीती जरा वेगळी आहे, स्टेंटमध्ये गुठळी होण्याची. क्लोपिडोग्रेल लिव्हरमधल्या एका एन्झाइममुळे कामाला लागतं आणि काही लोकांत तो एन्झाइम जन्मतःच मंद असतो. अॅसिडिटीसाठी मेडिकलमधून स्वतःच आणलेली ओमेप्राझोलही त्याच एन्झाइमला अडवते. मामांच्या डब्यात ती मला सापडली होती! अशी गोळी दिसली तर डॉक्टरांना फोटो पाठवून विचारा. स्वतःहून कुठलीच गोळी सुरू किंवा बंद करू नका.

रिस्टेनोसिस अनेकदा काहीच लक्षण न देता वाढतं. धातूमुळे एमआरआयमध्ये स्टेंटच्या आतलं नीट दिसत नाही, म्हणून डॉक्टर पुन्हा अँजिओग्राफीला बोलावतात. ही तारीख पावसाळ्यात आली की मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँच बंद असतात आणि 'गणपतीनंतर बघू' सुरू होतं. रो-रो किंवा एसटीचा बेत आधीच करा, कॅलेंडरमध्ये आठवडाभर आधीचा रिमाइंडर लावा.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोन फोनमध्ये ठेवा. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर थेट 108.