रंगाच्या खोडीतून निघालेला हायड्रोजन

फाटकावरचा पांढरा ऑइलपेंट चार-दोन उन्हाळे सोसून झाला की निस्तेज होतो आणि हात लावला तर बोटांना पांढरी भुकटी लागते. उन्हाने पाणी फोडून हायड्रोजन काढण्याचे जे प्रयत्न आज चालले आहेत, त्यांचा एक धागा थेट या भुकटीपर्यंत जातो.

भुकटी टायटॅनियम डायऑक्साइडची. १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या विल्यम ग्रेगॉर या पाद्र्याने ओढ्यातल्या काळ्या वाळूत एक अनोळखी धातू हेरला. चार वर्षांनी बर्लिनच्या क्लाप्रोट या रसायनशास्त्रज्ञाने त्याला टायटॅनियम हे नाव दिले. ती वाळू इल्मेनाइटची; आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू सापडते तिच्यातही तेच खनिज आहे. १९१६च्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिकेत त्यापासून पांढरे रंगद्रव्य बनू लागले आणि शिशाचा विषारी पांढरा हळूहळू मागे पडला.

नव्या पांढऱ्याला मात्र एक खोड होती. उन्हात ते स्वतः शाबूत राही आणि भोवतालचे तेल जाळून टाकी. १९३८ साली गुडीव्ह आणि किचनर या संशोधकांनी प्रयोगाने दाखवले की अतिनील किरण पडले की हे द्रव्य शेजारच्या रंजकाचा रंग उडवते, पण स्वतः बदलत नाही. रंग कारखान्यांनी यावर तोडगा काढला: प्रत्येक कणावर ॲल्युमिना-सिलिकाचा पातळ लेप चढवायचा. खोड दाबली गेली आणि बाकीचे जग तिला बरीच वर्षे विसरून गेले.

१९६७ साली टोकियो विद्यापीठात केनिची होंडा यांच्या हाताखाली अकिरा फुजिशिमा हा विद्यार्थी काम करत होता. रुटाइल, म्हणजे याच द्रव्याच्या एका रूपाचा स्फटिक त्याने पाण्यात बुडवला, तारेने प्लॅटिनमच्या पत्र्याला जोडला आणि स्फटिकावर झेनॉन दिव्याचा झोत सोडला. स्फटिकावर बुडबुडे आले, ते ऑक्सिजनचे. प्लॅटिनमवर हायड्रोजन. झिंक ऑक्साइड किंवा कॅडमियम सल्फाइड अशा वेळी स्वतःच विरघळू लागतात. हा स्फटिक होता तसाच राहिला. पाणी फोडायला एरवी लागतो त्याहून इतक्या कमी विद्युतदाबाला पाण्यातून ऑक्सिजन निघेल यावर जपानमधल्या अनेक जाणकारांचा आधी विश्वासच बसला नाही. १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला, पुढच्याच वर्षी तेलाचे संकट आले आणि जग या दोघांकडे धावले.

इथून सुधारणेची कथा सुरू होते, आणि ती अडचणींचीच अधिक आहे. प्रकाशाने इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडवायला रुटाइलला सुमारे ३.० इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, अनाटेज या दुसऱ्या रूपाला ३.२. पाणी फोडायला तत्त्वतः १.२३ पुरतात. पण या द्रव्यात इलेक्ट्रॉन उडवायला उपयोगी पडतो तो फक्त अतिनील प्रकाश, आणि उन्हातल्या ऊर्जेत त्याचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. शिवाय उडालेल्या इलेक्ट्रॉनपैकी बहुतेक काम न करताच आपल्या जागी परततात. आणि रुटाइलमधल्या इलेक्ट्रॉनचा जोर हायड्रोजन सोडवायला किंचित अपुरा पडतो, म्हणून बाहेरून थोडा विद्युतदाब द्यावा लागतो.

उपायांचा पाऊस पडला. २००१ साली टोयोटाच्या संशोधन केंद्रातील असाही या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नायट्रोजन मिसळून त्याला दृश्य प्रकाश शोषायला लावले. २०११ साली अमेरिकेत शिओबो चेन आणि सॅम्युएल माओ यांच्या गटाने दाबाखालच्या हायड्रोजनमध्ये पाच दिवस तापवून ते चक्क काळे केले. काळ्या भुकटीची छायाचित्रे सगळीकडे झळकली. माझे मत स्पष्ट आहे: रंग गडद झाला म्हणजे काम वाढले असे नाही. नायट्रोजनमुळे तयार होणाऱ्या पातळीवर विद्युतभार अडकून बसतात. आणि त्या काळ्या भुकटीचा हायड्रोजन मिथेनॉल घातलेल्या पाण्यातून आला होता. मिथेनॉल ऑक्सिडीकरणाची अवघड बाजू स्वतःवर घेते. त्याला पाणी फोडणे म्हणता येत नाही.

खरी प्रगती झाली ती सख्ख्या भावंडात, स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्ये. त्याच्या इलेक्ट्रॉनचा जोर पुरेसा आहे, हे १९७६ मध्येच अमेरिकेत दिसले होते. जपानमध्ये काझुनारी डोमेन १९८०पासून त्याच्या मागे लागले. २०२० साली त्यांच्या गटाने जे जाहीर केले ते मन लावून पाहण्यासारखे आहे. ॲल्युमिनियम मिसळून त्यांनी स्फटिकातले दोष घटवले, म्हणजे इलेक्ट्रॉनची वाया जाण्याची ठिकाणेच कमी केली. कणाच्या ज्या बाजूंवर इलेक्ट्रॉन जमतात तिथे ऱ्होडियम बसवले आणि त्यावर क्रोमियम ऑक्साइडचे कवच चढवले, कारण उघड्या ऱ्होडियमवर हायड्रोजन-ऑक्सिजन पुन्हा एकत्र येऊन पाणीच होते. उरलेल्या बाजूंवर कोबाल्ट. हे सारे जागच्या जागी बसवले प्रकाशानेच. ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात या कणांची कार्यक्षमता ९६ टक्क्यांच्या आसपास भरली. अतिनील प्रकाश वाया घालवण्याचा प्रश्न तेवढ्यापुरता सुटला.

पुढच्याच वर्षी त्याच कुळातल्या भुकटीचे १०० चौरस मीटरचे पटल उघड्यावर उभे राहिले आणि कित्येक महिने चालले. सूर्याच्या ऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये उतरली ती जास्तीत जास्त ०.७६ टक्के. अतिनीलवरच जगणाऱ्या द्रव्याकडून याहून फार मोठी अपेक्षा धरता येत नाही. दृश्य प्रकाश पचवणारे नवे कूळ शोधणे भाग आहे, आणि शोध तिकडेच वळला आहे.

तेव्हा ऊन आणि पाण्यातून हायड्रोजन काढल्याची पुढची बातमी वाचाल तेव्हा दोन गोष्टी जरूर पाहा: पाण्यात आणखी काही मिसळले होते का, आणि हायड्रोजनच्या निम्मा ऑक्सिजनही मोजला होता का.