एकनाम गावे आणि त्यांची उपपदे : बुलढाणा जिल्ह्यातील काही उदाहरणे

जुन्या कागदात एखाद्या गावाचे नाव वाचावयास मिळाले आणि ते नाव नकाशावर सापडले, म्हणजे स्थलनिश्चिती झाली, अशी समजूत अभ्यासकांत बरीच रूढ आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासापुरते बोलावयाचे तर ही समजूत पदोपदी दगा देणारी आहे. येथे एकाच नावाची गावे इतकी आहेत, की केवळ नावाच्या आधारे काढलेले अनुमान हे अनुमानच राहते. प्रस्तुत लेखात अशा एकनाम गावांची गणना करण्याचा हेतू नाही. त्यांच्या नावांस जोडली गेलेली उपपदे हीदेखील ऐतिहासिक साधने आहेत, आणि त्यांचीही इतर साधनांप्रमाणेच छाननी व्हावयास हवी, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

पहिले उदाहरण अर्थातच सिंदखेडचे. लखुजी जाधवराव यांचे वतनाचे गाव व जिजाबाईंचे माहेर म्हणून सिंदखेडराजा सर्वांस परिचित आहे. १६२९ साली दौलताबादेस निजामशाही दरबारात लखुजींचा व त्यांच्या मुलांचा वध झाला. त्यांच्या समाधीची भव्य इमारत ह्याच गावी आहे. परंतु सिंदखेड हे गाव ह्याच जिल्ह्यात मोताळा तालुक्यातही आहे. जिल्ह्याबाहेर पाहिल्यास तापीच्या खोऱ्यात, धुळे जिल्ह्यात, शिंदखेडा हे तालुक्याचे ठिकाण आहे, आणि माहूरच्या बाजूस नांदेड जिल्ह्यात आणखी एक सिंदखेड आहे. ह्यात आश्चर्य काहीच नाही. जेथे ओढ्याकाठी शिंदीची झाडे आणि त्यांच्या आश्रयाने वसलेले खेडे, तेथे हे नाव आपोआप पडावयाचे. ते कोणी कोणापासून उसने घेतलेले नाही. आणि म्हणूनच दोन सिंदखेडांच्या नामसाम्यावरून त्यांच्यात वंशाचा, वतनाचा वा स्थलांतराचा संबंध जोडणे योग्य नव्हे.

ह्या नामसाम्याचा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. १७५७ साली मराठ्यांची व निजामअलीची जी लढाई झाली, ती इतिहासात सिंदखेडची लढाई म्हणून नोंदली गेली आहे. मराठ्यांकडून विश्वासराव नाममात्र मुख्य असून लष्करी भार दत्ताजी शिंद्यांसारख्यांवर होता. ज्याने खानदेशातील शिंदखेडा डोळ्यांपुढे आणले, त्यास ही मोहीम तापीकाठी झालेली दिसेल, आणि सैन्याच्या हालचालींचा सारा अर्थ उलटापालटा होईल. निर्णय करणारा पुरावा नावात नाही, तो भोवतालच्या तपशिलात आहे. मराठ्यांनी ज्यास कोंडले तो सरदार रामचंद्र जाधव होता, म्हणजे सिंदखेडकर जाधवांच्या घराण्यातीलच. आणि वर्षअखेरीस तह झाला तो साखरखेर्डा येथे. साखरखेर्डा आज सिंदखेडराजा तालुक्यातच मोडते. व्यक्ती आणि शेजारचे स्थळ ह्या दोन खुणा एकत्र आल्या, की तिसऱ्या खुणेची गरज उरत नाही. पंचवीस लाख उत्पन्नाचा मुलूख व नळदुर्ग मराठ्यांच्या पदरात टाकणारा हा तह कोणत्या भूभागाच्या दडपणाखाली झाला, हे मग नीट उमगते.

साखरखेर्ड्याची कथा ह्याच्या नेमकी उलट आहे. सिंदखेड म्हणजे एक नाव व अनेक गावे. साखरखेर्डा म्हणजे एक गाव व दोन नावे. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा येथे पराभव केला, आणि विजयाची आठवण म्हणून गावास फत्तेखेर्डा असे नाव दिले. तेहतीस वर्षांनंतर मराठ्यांनी ह्याच गावी तह केला, तो मात्र साखरखेर्ड्याचा तह म्हणूनच ओळखला जातो. विजेत्याने दिलेले नाव इंग्रजी गॅझेटियरांपर्यंत पोहोचले खरे, पण लोकांच्या तोंडी ते रुजले नाही. फत्तेखेर्डा व साखरखेर्डा ही दोन गावे समजून घटनांची विभागणी करण्याचा मोह होऊ नये, म्हणून हा उल्लेख येथे केला.

आता ‘राजा’ ह्या उपपदाकडे वळू. सिंदखेडराजा, देऊळगावराजा आणि पिंपळगावराजा अशी तीन ठळक नावे जिल्ह्यात आहेत. पहिल्या दोहोंच्या बाबतीत उपपदाचा उलगडा सोपा आहे. जाधव घराण्यातील पुरुषांस ‘राजे’ म्हणत, आणि देऊळगावच्या बालाजी संस्थानाचा व ह्या घराण्याचा संबंध सर्वश्रुत आहे. पिंपळगावराजा मात्र खामगाव तालुक्यात, घाटाखालच्या सपाट मुलखात आहे. वरच्या घाटावरील जाधवांशी त्याचा संबंध केवळ एका शब्दावरून गृहीत धरणे धोक्याचे ठरेल. एकच उपपद दोन ठिकाणी दोन निरनिराळ्या कारणांनी जडू शकते, ही गोष्ट तत्त्वतः मान्य करूनही आपण व्यवहारात विसरतो.

उपपदांचा उपयोग इंग्रजी अंमलात, टपालाच्या व रेल्वेच्या सोयीसाठी सुरू झाला, असे काहींचे मत आढळते. ते मान्य करता येत नाही. वऱ्हाडचा सुभा १५९६ साली मोगलांकडे आला. त्यानंतर आईन-इ-अकबरीत ह्या सुभ्याचे जे वर्णन समाविष्ट झाले, त्यातील नरनाळा सरकारच्या महालांत बडनेर हे नाव दोनदा येते, आणि दोन्ही वेळा ते उपपदासह येते. त्यांपैकी भोलजी हे उपपद असलेले बडनेर म्हणजे आजचे नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी होय. दुसऱ्याचे उपपद ‘कांका’ असे छापले जाते. फारसी लिपीत काफ व गाफ ह्यांतील भेद एका रेघेचा, आणि ती रेघ लेखक पुष्कळदा गाळतात. तेव्हा हे ‘गंगा’ असावे, आणि दर्यापूरकडील वडनेर गंगाई हेच ते गाव, असे माझे मत आहे. ‘वटनगर’ ह्यापासून वडनेर हे रूप सरळ येते. वडाखाली वसलेली गावे वऱ्हाडात काही थोडी नाहीत. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीच महसुली दप्तरास ह्या नामसाम्याची अडचण जाणवली होती, आणि तिचा परिहारही त्याने आजच्याच रीतीने केला होता.

ह्या ठिकाणी खुर्द व बुद्रुक ह्या फारसी जोडीपासून उपपदांचा भेद लक्षात घ्यावा. चिखली तालुक्यातील मेरा खुर्द व मेरा बुद्रुक ही शेजारची गावे. लहान-थोर हा भेद एकाच शिवाराच्या पोटातला आहे. भोलजी, राजा, देवी, काळे ही उपपदे परस्परांपासून दूर असलेल्या गावांना वेगळे ओळखण्यासाठी आली. पिंपळगाव देवी मोताळा तालुक्यात, पिंपळगाव काळे जळगाव जामोद तालुक्यात, पिंपळगाव सराई बुलढाण्याजवळ : ह्यांतील एकाने दैवताची, एकाने घराण्याच्या आडनावासारख्या शब्दाची, तर एकाने प्रवाशांच्या मुक्कामाची खूण धरून ठेवली आहे. ‘सराई’ हा शब्द तर मार्गांच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जळगावास शेजारच्या जामोदचे नाव जोडले गेले, ही आणखी एक पद्धत. देऊळगाव हे नाव राजा, मही, साकर्शा, घुबे अशा उपपदांनी जिल्हाभर विखुरले आहे. लोणार, मेहकर, साकेगाव, कोथळी ह्या गावी यादवकालीन धाटणीची मंदिरे जेथे आजही उभी आहेत, त्या प्रदेशात देऊळ हीच गावाची ओळख व्हावी, हे स्वाभाविकच आहे.

नामसाम्याचा उपद्रव राजकीय सीमा बदलल्या की वाढतो. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे आला, १९०३ मध्ये तो मध्यप्रांतास जोडला गेला. ह्या काळात सरकारी कागदांत मलकापूर म्हटले म्हणजे नळगंगेकाठचे मलकापूर, हे बहुधा सांगावे लागत नसे. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि एकाच राज्याच्या दप्तरात कऱ्हाडजवळचे मलकापूर व शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर त्याच्या शेजारी येऊन बसले. ह्यांतील शेवटचे विशाळगडकर प्रतिनिधींच्या जहागिरीचे ठिकाण असल्यामुळे मराठी कागदांत त्याचा उल्लेख येणे साहजिक आहे. खुद्द बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात, मलकापूर पांग्राही आहे. तेव्हा मलकापूरचा उल्लेख असलेले पत्र हाती आले, तर प्रथम पत्र कोणी व कोठून लिहिले, आधीचा व नंतरचा मुक्काम कोणता, हे पाहावे. नकाशा त्यानंतर उघडावा.

वास्तूंच्या बाबतीतही हाच नियम. जुन्या पुरातत्त्वीय लेखनात मंदिरांच्या अवशेषांसाठी येणारे सातगाव म्हणजे चिखली तालुक्यातील सातगाव भुसारी. बुलढाणा तालुक्यात सातगाव म्हसला हे वेगळे गाव आहे. शिल्पांच्या छायाचित्राखाली नुसते ‘सातगाव’ असे लिहून ठेवले, तर पुढच्या पिढीतील विद्यार्थ्यास त्या शिल्पाचे मूळ स्थान शोधण्यात विनाकारण दिवस घालवावे लागतील.

असाच प्रश्न आयर्लंडमध्ये अधिक गुंतागुंतीच्या स्वरूपात उभा राहिला होता. तेथे किल्मोर नावाची गावे ठिकठिकाणी आहेत. इंग्रजी लेखनात त्यांतील ‘किल’ सर्वत्र सारखाच दिसतो; परंतु मूळ आयरिश भाषेत तो कोठे ‘किल्’ म्हणजे चर्च, तर कोठे ‘क्विल्’ म्हणजे वन असतो. १८३० नंतरच्या दशकात तेथील भूमापन खात्याने जॉन ओडोनोव्हन ह्या भाषापंडितास गावोगाव पाठविले, ते स्थानिक वृद्धांच्या तोंडचा उच्चार टिपून नावांचे मूळ ठरविण्यासाठी. आपल्याकडे रोमन लिपीने ‘ल’ आणि ‘ळ’, ‘ड’ आणि ‘ढ’ ह्यांतील भेद जवळजवळ पुसला आहे. फारसीने त्याआधी काफ-गाफचा गोंधळ करून ठेवलाच होता. जिल्ह्याचे नावच बुलडाणा व बुलढाणा अशा दोन्ही प्रकारे लिहिले जाते. ‘शिंदखेड’ लिहिणारा व ‘सिंदखेड’ लिहिणारा एकाच गावाबद्दल बोलत असण्याचा संभव आहे, आणि नसण्याचाही.

विद्यार्थ्यांनी प्रबंधाच्या स्थलसूचीत निदान चार गोष्टी नावापुढे द्याव्यात : साधनातील मूळ लेखन, त्या काळचा परगणा वा सरकार, आजचा तालुका, आणि आजचे उपपद. उपपद मूळ साधनात नसेल, तर ते कंसात घालावे. शहाजीकालीन पत्राच्या वाचनात ‘सिंदखेड’ असताना संपादकाने ‘सिंदखेडराजा’ छापणे ही दुरुस्ती नसून भर आहे.