काचेवर उतरलेली देवयानी

'हौशी' या शब्दाला आपल्याकडे थोडा हलका अर्थ चिकटला आहे. जे काम पोटासाठी करावे लागत नाही ते करणारा तो हौशी, आणि म्हणून कच्चा, असे आपण धरून चालतो. परंतु दूरच्या दीर्घिकांच्या छायाचित्रणाचा इतिहास आम्ही वाचू लागलो, तेव्हा त्याच्या पहिल्याच पानांवर अशी हौशी माणसे भेटली.

आयझॅक रॉबर्ट्स हा त्यांपैकी एक. त्याचा जन्म १८२९ साली वेल्समध्ये झाला. १८४४ साली तो लिव्हरपूलच्या एका पेढीत सात वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून लागला. दिवसा काम करावे व रात्रशाळेत शिकावे, असा त्याचा क्रम होता. पुढे बांधकामाच्या धंद्यात त्याने पैसा मिळविला आणि पन्नाशीच्या सुमारास तो आकाशाकडे वळला.

काळही अनुकूल होता. पूर्वीची छायाचित्रणाची काच ओली असेतोवरच कामाची. काही मिनिटांत ती वाळे. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची वाट दाखविली. डोळ्याला प्रकाश साठविता येत नाही, कोरडी काच मात्र तासन् तास तो साठवीत राहते. १८८३ साली अँड्र्यू कॉमन या इंजिनिअराने लंडनजवळ ईलिंग येथे, आपल्या घरच्या ३६ इंची दुर्बिणीने, मृगातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. दुर्बिणीतून डोळ्यांना न दिसणारे तारेही त्यात उमटले होते.

रॉबर्ट्सने १८८५ साली ग्रब या कारागिराकडून २० इंची परावर्ती दुर्बीण करवून घेतली. पृथ्वी फिरत असल्याने तारा जागेवर राहत नाही. म्हणून घड्याळी यंत्र दुर्बीण फिरवी, आणि जोडीच्या लहान दुर्बिणीतून एका ताऱ्यावर नजर ठेवून चूक सुधारावी लागे. थंडीत तासन् तास चालणारे हे काम. १८८८ साली देवयानीचा तेजोमेघ काचेवर उतरला. नुसत्या डोळ्यांना जो धुरकट ठिपका दिसतो, त्यात प्रकाशाचे पट्टे आणि त्यांमधल्या काळ्या फटी स्पष्ट दिसल्या.

रॉबर्ट्सला वाटले, ही नव्याने घडणारी सूर्यमाला आहे. ते चूक होते. १९२३ साली एडविन हबलने माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने तेथे एक रूपविकारी तारा शोधला, आणि तो तेजोमेघ आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरला. आज तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानतात. रॉबर्ट्सचा तर्क पडला. त्याची काच मात्र खरीच राहिली.

ग्रबचीच एक २० इंची दुर्बीण आपल्या पुण्यातही होती. महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत प्राध्यापक कावसजी नायगमवाला तिच्यावर काम करीत. १९१२ मध्ये ते निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकॅनालला गेली. एका माणसाच्या बळावर चाललेली संस्था त्याच्यामागे टिकत नाही, हे आम्हा संघटनेतल्या माणसांना नवीन नाही.

आता काचेची जागा इलेक्ट्रॉनिक संवेदकाने घेतली आहे. अनेक रात्रींच्या प्रतिमा एकत्र करून हौशी मंडळी शंभरावर तासांचा प्रकाश साठवितात. याच रीतीने काही हौशी निरीक्षकांना, हाताच्या वितीपेक्षाही लहान भिंगाच्या दुर्बिणीतून, त्याच देवयानीच्या शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक अंधूक कमान सापडली. ही गोष्ट २०२३ साली प्रसिद्ध झाली. इतक्या मोठमोठ्या वेधशाळांच्या नजरेतून ती निसटली होती.

कामाच्या तासांची बोलणी चालू असता, "मोकळ्या वेळाचे कामगार करणार तरी काय?" असा प्रश्न आम्हाला पुष्कळदा ऐकावा लागतो. रॉबर्ट्सला दुर्बीण पैशाने मिळाली हे खरे. पण तिच्यापर्यंतची वाट रात्रशाळेतून गेली, आणि रात्रशाळेत बसायला दिवसाच्या कामानंतर अंगात थोडे बळ उरावे लागते. तेवढे बळ प्रत्येकाला उरावे, एवढेच आमचे मागणे आहे. त्या बळाचे कोण काय करील, हे आधी कुणी सांगावे?