"हे पाकिस्तानात जाऊन बोला ना!"

परवा एका ग्रुपवर युद्धाच्या विरोधात दोन ओळी लिहिल्या. लगेच उत्तर आलं, "हे पाकिस्तानात जाऊन बोला ना!" तेव्हा काही सुचलं नाही. मग आठवलं, तिकडे राहून बोलणारी एक बाई होती की! लाहोरच्या वकील अस्मा जहांगीर.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या लष्करी कारवाईला त्यांच्या वडिलांनी विरोध केला. त्यांना अटक झाली. विशीही न ओलांडलेली ही मुलगी थेट कोर्टात गेली. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने याह्या खान यांनी सत्ता बळकावणं बेकायदा ठरवलं. त्या खटल्याला आजही तिचंच नाव आहे.

पुढे झिया-उल-हक यांची राजवट आली. दोन बायकांची साक्ष म्हणजे एका पुरुषाची साक्ष, असा कायदा येऊ घातला. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी लाहोरच्या बायका हायकोर्टाकडे निघाल्या. लाठ्या, अश्रुधूर, अटक. अस्मा त्यात होत्या. प्रौढ मुलीला स्वतःच्या मर्जीने लग्न करता येतं, हेही त्यांनी कोर्टात लढून मिळवलं.

आणि शांतता? कारगिलच्या जखमा ओल्या असताना, २००० साली, आपल्या नागपूरच्या निर्मलाताई देशपांडे महिलांची बस घेऊन लाहोरला गेल्या. त्याच वर्षी अस्मा तिकडच्या बायकांना घेऊन दिल्लीला आल्या. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी त्या मुंबईत बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. त्या फोटोवरून तिकडे त्यांना भारताची हस्तक ठरवलं गेलं. म्हणजे "देशद्रोही" हा शिक्का दोन्हीकडे एकाच कारखान्यात बनतो म्हणायचा!

मला वाटतं, त्यांच्या लेखी हे दोन वेगळे लढे नव्हतेच. युद्धाचा ज्वर चढला की लष्कर मोठं होतं, आणि लष्कर मोठं झालं की पहिली कुऱ्हाड बाईच्या हक्कावर पडते. हे त्यांनी झियांच्या काळात स्वतः पाहिलं होतं.

११ फेब्रुवारी २०१८ रोजी त्या गेल्या. लाहोरमध्ये त्यांच्या जनाजाच्या नमाजाला बायका पुरुषांसोबत उभ्या राहिल्या. तिथे हे सहसा होत नाही.

तर दादा, तिकडे बोलणारी माणसं होती, आजही आहेत. प्रश्न आपला आहे. आपण इथे बोलतो का?