दिवाळं निघतं, पण किती दिवसांसाठी?

दिवाळं हा शब्द आपल्या घरांतून बायका आजही आवाज खाली करूनच बोलतात. दुकानदारीवर जगणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला तो शिवीपेक्षा जड वाटतो. घरात चोरी झाली, आग लागली, तर लोक धावून येतात. दिवाळं निघालं, की येणारी पावलं थांबतात आणि मुलींच्या लग्नाची बोलणीही थांबतात.

हा शब्द आला कुठून, याबद्दल जाणकारांचं एकमत नाही. दिव्यावरून आला, असं पुष्कळजण सांगतात. १८०८ साली रॉबर्ट ड्रमंड यांनी गुजराती, मराठी आणि इंग्रजी भाषांवर एक पुस्तक काढलं. त्यात त्यांनी एक चाल नोंदवून ठेवली आहे. व्यापारी बुडाला, की घरात, दुकानात नाहीतर पेढीवर मोठा दिवा पेटवायचा आणि काही काळ दृष्टीआड व्हायचा. पुढं हिशेब उघडे करून, उरलेल्या मालमत्तेची वाटणी करून, ज्यांचं येणं आहे त्यांचं समाधान झालं, की परत यायचा.

मला या चालीत दोन गोष्टी दिसतात. बुडालेलं लपवायचं नाही, ही पहिली. ज्याचे पैसे अडकलेत त्याला ते कळलंच पाहिजे, नाहीतर तो आणखी उधारी देऊन बसेल. दुसरी गोष्ट म्हणजे, या अवस्थेला शेवट होता. हिशेब मिटला, की माणूस पुन्हा बाजारात उभा राहत होता.

इंग्रजी अमदानीत दिव्याची जागा गॅझेटनं घेतली. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी १९०९ चा आणि बाकी मुलखासाठी १९२० चा नादारीचा कायदा आला. आपलं बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, त्यामुळे इथं १९२० चाच. कोर्टानं एखाद्याला नादार ठरवलं, की त्याचं नाव, पत्ता सरकारी गॅझेटात छापायचा, असा नियम. पण त्याच कायद्यात हेही आहे, की नादारीचा हुकूम रद्द झाला तर तेही गॅझेटातच छापायचं. म्हणजे नाव जिथं गेलं, तिथंच ते परत मिळण्याची सोय. शिवाय गॅझेटचे जुने अंक कचेरीच्या कपाटात जाऊन बसायचे. ते उघडून बघायला कोण जातंय?

आता कपाटच उघडं झालंय. त्याची पहिली मोठी लढाई स्पेनमध्ये झाली. १९९८ च्या जानेवारीत आणि मार्चमध्ये बार्सिलोनाच्या ‘ला वान्ग्वार्दिया’ या दैनिकात एक छोटीशी सरकारी जाहिरात आली. सामाजिक सुरक्षेची देणी थकली म्हणून एका घराचा लिलाव होणार होता. पुढं ती बाकी मिटली. पण वर्तमानपत्रानं जुने अंक इंटरनेटवर चढवले आणि त्या गृहस्थाचं नाव गुगलवर टाकलं, की तीच जाहिरात वर येऊ लागली. २०१० साली त्यानं तक्रार केली. १३ मे २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयानं निकाल दिला. वर्तमानपत्रानं छापलं ते कायदेशीरच होतं. पण माणसाचं नाव शोधल्यावर, काळ उलटून निरुपयोगी झालेली माहिती पुढं येत असेल, आणि ती समोर राहण्यात लोकांचं तसं मोठं हित नसेल, तर शोधाच्या यादीतून ती काढण्याची मागणी त्याला करता येते.

या निकालावर जगभर लिहिलं गेलं. पण त्या जाहिरातीत त्या घराचे दोन हिस्से होते, आणि दुसऱ्या हिश्श्यावर त्याच्या त्या वेळच्या पत्नीचं नाव होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. निकालाचा इतिहास त्याच्या नावानं लिहिला गेला. बाकीच्या जाहिरातीत मात्र तीही तितकीच होती.

जर्मनीत गोष्ट आणखी पुढं गेली. तिथं दिवाळखोरीतून कोर्टानं मोकळं केलेल्या माणसाची नोंद सरकारी संकेतस्थळावर सहा महिने राहते. ‘शूफा’ ही लोकांची पत मोजणारी खासगी संस्था मात्र तीच नोंद तीन वर्षं ठेवत असे. ७ डिसेंबर २०२३ रोजी त्याच न्यायालयानं सांगितलं, की सरकार जेवढे दिवस ठेवतं त्याहून जास्त दिवस खासगी संस्थेनं ठेवायचं नाही. कारण माणसाला नव्यानं सुरुवात करता यावी, म्हणून तर कायदा त्याला मोकळं करतो.

आपल्याकडे काय आहे? २००२ च्या कायद्याखाली बँकेनं गहाण मालमत्तेचा ताबा घेतला, की दोन वर्तमानपत्रांत नोटीस द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. सकाळच्या पेपरात या नोटिसा नीट वाचून बघा. कर्जदाराच्या खाली सहकर्जदार, जामीनदार म्हणून किती बायकांची नावं असतात! घर दोघांच्या नावावर असतं, म्हणून सही दोघांची. ‘इथं सही कर’ म्हटलं, की आपण करतो.

आमच्या नात्यातल्या एका सुनेनं अशीच नवऱ्याच्या धंद्याच्या कर्जावर सही केली होती. नोटीस आली, घरावर चिकटली, पेपरात छापून आली. दोघांनी दागिने मोडून, जमीन विकून कर्ज फेडलं. काही वर्षांनी मुलीचं स्थळ ठरत आलं, तेव्हा समोरच्या घरातल्या कुणीतरी फोनवर आईचं नाव टाकलं. जुनी नोटीस वर आली. कर्ज फिटल्याचा दाखला तिच्या कपाटात होता. तो फोनवर कुठून दिसणार?

आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्या निकालात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी विसरलं जाण्याच्या हक्काचाही विचार मांडला. २०२३ च्या विदेची संरक्षण कायद्यात, म्हणजे आपल्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात, माहिती पुसून मागण्याची तरतूद आली. पण छापून आलेल्या नोटिशीखाली ‘हे कर्ज फिटलं’ एवढी ओळ आपोआप लागेल, अशी सोय अजून नाही.

मला नोटिसा बंद करा, असं म्हणायचं नाही. आपण देण्याघेण्यावर जगणारी माणसं. कुणाची उधारी किती थकली, हे बाजाराला कळलं पाहिजे. पण वहीत येणं लिहितात, तसं जमाही लिहितात. येणं लिहून जमा न लिहिणाऱ्या दुकानदाराला आपण लबाड म्हणतो. तोच नियम इथंही लागला पाहिजे.

तोवर एक करा. सही करण्याआधी कागद वाचा, आणि फेडल्याचा दाखला मागून घ्या. नोटिशीत तुमचंही नाव असेल, तर दाखल्यावरही तुमचं नाव घालून मागा.