विळ्याच्या आकाराची साक्ष

मानवाची उत्क्रांती केव्हाच संपली, अशी आपली समजूत असते. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील संशोधनातून वेगळी साक्ष पुढे आणली. सिकलसेलचे जनुक आईवडील दोघांकडून आल्यास रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व व्याधी जडते. एकाकडूनच आल्यास घातक हिवतापापासून बरेच रक्षण होते. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. नंदुरबार, गडचिरोली व दक्षिण गुजरातेतील आदिवासींत ते आजही आढळते. हिवताप ओसरला की त्याचा लाभ सरतो, यातना मात्र उरतात. निसर्गाची निवड थांबत नाही, तिची दिशा पालटते. २०२३ साली मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पूर्वजांना तारणाऱ्या वारशाची किंमत आज आदिवासी मुले मोजीत आहेत. तो भार त्यांच्यावरच सोडणे आपणांस शोभणार नाही.