डॉक्टर-नर्सनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी का?

पावसाळा सुरू झाला की ताप-खोकल्याच्या पेशंटची रांग वाढते आणि त्याबरोबर एक जुना प्रश्नही परत येतो: ही लस इतकी चांगली असेल तर दरवर्षी का घ्यावी लागते, आणि दवाखान्यातले लोक तरी ती घेतात का?

थोडक्यात उत्तर असं: हो, आरोग्य कर्मचाऱ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. जागतिक आरोग्य संघटना आणि भारताचं केंद्रीय आरोग्य मंत्रालय, दोघांचाही सल्ला हाच आहे. पण ‘घ्यावी’ आणि ‘घेतलीच पाहिजे, नाहीतर नोकरी जाईल’ यांत बराच फरक आहे, आणि जगभरातला खरा वाद या फरकावरच चालू आहे.

दरवर्षी का?

देवी किंवा गोवरचा विषाणू आपलं रूप फारसं बदलत नाही. इन्फ्लुएन्झाचा विषाणू मात्र सतत थोडा थोडा बदलत राहतो, त्यामुळे गेल्या वर्षी शरीराने ओळखलेला चेहरा यंदा ओळखू येईलच असं नाही. शिवाय लसीमुळे तयार झालेलं संरक्षण काही महिन्यांत ओसरू लागतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीत कोणते विषाणू असावेत ते ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. हा अंदाज असतो, आणि अंदाज कधी कधी चुकतो. अंदाज बरोबर आला तर डॉक्टरकडे जावं लागेल इतक्या फ्लूचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. चुकला तर त्याहून कमी.

साध्या सर्दी-पडशावर ही लस काहीच करत नाही, कारण ते विषाणूच वेगळे. लस घेऊनही सर्दी झाली म्हणून ‘लस फुकट गेली’ म्हणणारे अनेक जण इथेच घोळ घालतात.

मग नर्सला वेगळा सल्ला का?

ग्लासगोमधल्या चार रुग्णालयांत १९९३-९४ च्या हिवाळ्यात ५०० हून अधिक कर्मचाऱ्यांचं रक्त हंगामाआधी आणि हंगामानंतर तपासलं गेलं. सुमारे २३ टक्के लोकांना त्या हिवाळ्यात फ्लूचा संसर्ग होऊन गेला होता. पण त्यांच्यापैकी निम्म्याहून जास्त लोकांना आपल्याला फ्लू झाल्याचं आठवतही नव्हतं, आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक जणांना साधी सर्दी झाल्याचंही आठवत नव्हतं. म्हणजे ही माणसं ड्युटीवर होती, सलाईन लावत होती, पेशंटला उठवून बसवत होती. ताप आला तर मी घरीच थांबतो, मग लस कशाला, असं म्हणणाऱ्यांना हा अभ्यास दाखवावा. त्यात लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच फ्लू पसरू शकतो.

समोर पडलेला माणूस कोण आहे हेही पाहावं लागतं. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा खूप वयस्कर रुग्णाला ती दिली तरी शरीर पुरेसा प्रतिसाद देईल याची खात्री नसते. अशा रुग्णाचा बचाव आजूबाजूच्या माणसांवर अवलंबून असतो.

वाद नेमका कुठे आहे?

कर्मचाऱ्यांना लस दिल्याने रुग्णांचे मृत्यू किती कमी होतात, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. १९९६-९७ मध्ये स्कॉटलंडमधल्या वृद्धांच्या २० रुग्णालयांत प्रयोग झाला. ज्या रुग्णालयांत कर्मचाऱ्यांना लस देऊ केली, तिथे रुग्णांचं मृत्यूचं प्रमाण १३.६ टक्के होतं. इतर ठिकाणी २२.४ टक्के. आकडे डोळे दिपवणारे आहेत आणि ते अजूनही वारंवार दिले जातात. पण त्याच अभ्यासात रुग्णांच्या नमुन्यांत फ्लूचा विषाणू सापडण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं: ५.४ आणि ६.७ टक्के. फ्लूच फारसा कमी झाला नाही, तर इतके मृत्यू कशामुळे टळले? २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच मुद्दा आकडेमोड करून मांडला. असा दावा खरा मानला, तर लसीने फ्लू सोडून इतर कारणांनी होणारे मृत्यूही थांबवले असं म्हणावं लागेल. कॉक्रेन समूहाच्या २०१६ च्या आढाव्यालाही वृद्धाश्रमांतल्या रहिवाशांच्या फायद्याचा ठोस पुरावा सापडला नाही.

याचा अर्थ फायदा नाही असा होत नाही; तो किती आहे हे सांगण्याइतके चांगले अभ्यास नाहीत, एवढाच होतो. लसीमुळे कर्मचाऱ्याचं स्वतःचं संरक्षण होतं, याबद्दल मात्र फारसा वाद नाही. सल्ला देताना हे कारण आधी सांगायला हवं असं आमचं मत. ‘पेशंटसाठी घ्या’ म्हणून अपराधी वाटायला लावणं ऐकायला बरं वाटतं, पण त्याचा पुरावा कच्चा आहे.

सक्ती करावी का?

अमेरिकेतल्या सिएटल शहरातल्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये लस ही नोकरीची अटच केली आणि पहिल्याच वर्षी ९७ टक्क्यांच्या वर कर्मचाऱ्यांनी ती घेतली. नुसत्या आवाहनाने इतकं प्रमाण क्वचितच गाठता येतं. उलट उदाहरण कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं. तिथे ‘लस घ्या नाहीतर पूर्ण हंगाम मास्क लावा’ या नियमाला परिचारिकांच्या संघटनेने आव्हान दिलं, आणि २०१५ व २०१८ मध्ये लवादांनी पुरावा अपुरा असल्याचं सांगत तो नियम रद्द ठरवला. लक्षात घ्या, लस वाईट आहे असं लवादाने कुठेही म्हटलं नाही.

आपल्याकडे काय?

३ ऑगस्ट २००९ रोजी भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. त्यानंतर नायडू रुग्णालयाबाहेर लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना हा विषय समजावून सांगावा लागत नाही. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी परदेशातून लस मागवली आणि पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस बाजारात आणली. तो विषाणू तेव्हापासून गेलेला नाही. आता तो नेहमीच्या हंगामी फ्लूचाच एक भाग आहे.

वेळ महत्त्वाची. परदेशातले लेख वाचून अनेक जण ऑक्टोबरमध्ये लस घेतात. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्यात येतो आणि लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून आपल्याकडे एप्रिल-मे हा चांगला काळ, तोही त्या वर्षीच्या दक्षिण गोलार्धाच्या लसीसह. काश्मीरसारख्या थंड भागाचं गणित वेगळं, तिथे हंगाम हिवाळ्यातच असतो.

इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखाद दिवस कणकण येते. गिया-बारे हा मज्जातंतूंचा आजार होण्याचा धोका असलाच तर दहा लाख डोसमागे एखाद-दुसरा. आधीच्या डोसनंतर तीव्र अॅलर्जी झाली असेल, तर मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

आणि ‘आरोग्य कर्मचारी’ म्हणजे फक्त डॉक्टर आणि सिस्टर नव्हेत. वॉर्डातल्या मावशी, स्ट्रेचर ढकलणारे मामा, एक्स-रे काढणारा टेक्निशियन, केसपेपरच्या खिडकीवरचा क्लार्क आणि घरोघरी फिरणाऱ्या आशाताई, सगळे यात येतात. यांतले बरेच कंत्राटी असतात, आणि रुग्णालय लसीची यादी करतं तेव्हा कायम नोकरीवाल्यांचीच नावं आधी लिहिली जातात. तुम्ही अशा ठिकाणी काम करत असाल, तर यंदाची यादी एप्रिलमध्येच विचारून घ्या.